उन्हाला लावलेलं कुलूप

संक्रांतीच्या आधीच्या आठवड्यात मी घोडबंदरजवळच्या चेणे गावी भावाकडे गेले होते. सकाळचा चहा हातात होता, तेवढ्यात शेजारच्या मिश्राभाभींचा फोन आला. "दीदी, अपनी बिल्डिंग में आग लगी है... आप जल्दी आइए." मी भाईंदरला, आमच्या इंद्रलोक भागात पोचले तेव्हा आग विझलेली होती. खाली बंब उभा होता, जिना काळा पडला होता आणि माझी मैत्रीण कुंदा हॉस्पिटलात नेण्याआधीच गेली होती. ती सापडली गच्चीच्या दाराशी. दाराला बाहेरून कडी नव्हती, आतून, जिन्याच्या बाजूनं कुलूप होतं.

ते कुलूप कुणाचं, हे आमच्या सोसायटीत सगळ्यांना ठाऊक आहे. सोसायटीच्या त्या अध्यक्षांचं नाव इथे लिहायची माझी फार इच्छा होती. खटला चालू आहे म्हणून संपादक नको म्हणाले. त्यामुळे मी नुसतं 'अध्यक्ष' लिहिते. वाचणारे ओळखतील. त्यांनी ओळखावं, हाच हेतू आहे.

कुंदा जुन्या भाईंदरच्या कोळीवाड्यातली. लग्नानंतर काही वर्षांनी ती नि नामदेवभाऊ आमच्या इमारतीत वरच्या मजल्यावर, माझ्यासमोरच राहायला आले. मी लालबागहून आलेली, इथे कुणाला ओळखत नव्हते. पहिल्याच दिवशी ती झाकण लावलेला डबा घेऊन दारात आली नि म्हणाली, "गो बाय, खातंस ना आमचं? का तूपन नाक दाबतंस?" मी तिथल्या तिथे झाकण उघडून माशाच्या कालवणाचा वास घेतला. मैत्री व्हायला तेवढं पुरलं. कुंदा मोठ्याने बोलायची, मोठ्याने हसायची, आणि भांडायची वेळ आली की आवाज उलटा खाली आणायची. तिचा आवाज खाली गेला की समोरच्याने सावध व्हावं.

थंडी पडली की ती गच्चीवर बोंबील वाळवायची. तिच्या आईनं केलं, आजीनं केलं, तसंच. अध्यक्षांना वास यायचा. तेही मराठीच, मासे बाहेर जाऊन चवीनं खाणारे, पण इमारतीची 'व्हॅल्यू' पडते म्हणायचे. एका हिवाळ्यात त्यांनी गच्चीच्या दाराला कुलूप घातलं नि किल्ली स्वतःच्या खिशात ठेवली. लोकांना सांगितलं, मुलं पतंग उडवताना पडतील. कुंदानं मला विचारलं, "मना सांग, उन्हाला कुलूप लावता येतं काय?" मग ती त्यांच्या दारात गेली. आवाज खाली. "साहेब, बोंबील न्हाय घालनार. पन दार उघडं ठेवा. उद्या काय झालं तर मानसं जातील कुठं?" ते म्हणाले, "काकू, टेन्शन घेऊ नका. काही होत नाही."

जिन्याखालच्या मीटररूमचंही तेच. तिथे अध्यक्षांच्या गणपतीचं थर्माकोलचं मखर, पडदे, जुन्या गाद्या. थंडीत सकाळी घराघरांत गीझर एकदम चालू होतात, मीटरच्या वायरी तापतात, जळका वास येतो. कुंदानं कुलूप नि मीटररूम, दोन्ही गोष्टी मीटिंगमध्ये काढल्या. "ही मीटरची खोली हाय का तुमचं गोडाऊन?" लोक हसले. मखर तिथंच राहिलं.

त्या सकाळी आग लागली ती मीटररूमलाच. मखर नि गाद्या पेटल्या आणि सगळा धूर जिन्यातून वर चढला. नामदेवभाऊ कामावर गेले होते. मिश्राभाभींनी दार बंद करून फटीत ओली चादर कोंबली नि खिडकीत उभ्या राहिल्या, त्या वाचल्या. कुंदाचं घर जिन्याला लागून, आत धूर भरला. खाली उतरायची सोय नव्हती. ती वर गेली... किल्ली तेव्हा फिरायला गेली होती, अध्यक्षांच्या खिशात.

शोकसभेत ते हार घेऊन आले. म्हणाले, "नियतीपुढे कुणाचं चालतं?" मी उठले. "नियतीच्या खिशात किल्ली नव्हती. तुमच्या होती." हार त्यांच्या हातातच राहिला, फोटोला मी लावू दिला नाही. दुसऱ्या दिवशी मखराचा जळका सांगाडा मी नि मिश्राभाभींनी ओढत नेऊन त्यांच्या दारात टाकला. पोलिसांत जबाब दिला. ते जामिनावर सुटले. नंतर मध्यस्थ आले, गोड बोलले. नामदेवभाऊसुद्धा म्हणाले, "सोड ताई, ती काय परत येनार हाय?" मी सोडलं नाही. क्षमा मोठी असते म्हणतात. असेल. मला ती नको आहे.

अध्यक्ष घर विकून घोडबंदरच्या बाजूला गेले. मी पत्ता काढला. रविवारी सकाळी त्यांच्या नव्या सोसायटीच्या फाटकाशी उभी राहिले. येणाऱ्याजाणाऱ्याला विचारलं, "तुमची गच्ची उघडी आहे का? मीटररूममध्ये काय ठेवलंय?" लोक थांबले, का विचारता म्हणाले. मी सगळं सांगितलं. माझ्यामागे अध्यक्ष बायकोबरोबर दूध घेऊन येऊन उभे होते. त्यांची बायको मान खाली घालून आत निघून गेली, ते तिथेच थिजले. मला वाईट वाटलं नाही. लिहिताना पुन्हा तपासून बघतेय... नाही वाटत.

कुंदाच्या स्वयंपाकघराची खिडकी माझ्या खिडकीसमोर, मध्ये फक्त डक्टची अरुंद पोकळी. दुपारी ती गजांवर उलथनं वाजवायची नि मग आम्ही गप्पा मारायचो. ती गेल्यापासून खिडकी बंद होती. त्या रविवारी दुपारी उलथनं वाजलं. माझ्या हातातलं भांडंच पडलं. समोर नामदेवभाऊ उभे होते.

"गेलतीस म्हनं तिकडं?"

"गेले होते."

"तोंड कसं झालं त्याचं?"

मी सांगितलं. त्यांनी गज घट्ट धरून सगळं ऐकलं. मग म्हणाले, "पुन्हा सांग. सावकाश सांग."