काशीचा डूख

काशी नागवेकर डूख धरणारी बाई. हे मी तिच्या तोंडावर बोललो आहे आणि तिने ते मान्यही केलं आहे. शाळेत एका बाईंनी तिला दुसऱ्याच मुलीच्या चुकीपायी वर्गाबाहेर उभं केलं होतं. त्या बाई निवृत्त होऊन नेवऱ्याला राहायला गेल्या, तोवर हिने त्यांना वाटेत एकदाही नमस्कार केला नाही. लोक म्हणतात, रागाने माणूस स्वतःच जळतो. जळत असेल बापडा. काशी काही जळली नाही. ज्यांनी तिचं वाईट केलं त्यांची तोंडं मात्र उतरलेली मी पाहिली आहेत, आणि खोटं कशाला बोलू, मला ते पाहून बरं वाटलं.

ही गोष्ट सत्त्याऐंशी-अठ्ठ्याऐंशीची. रत्नागिरीत आमचा आंबा बागायतदारांचा संघ होता. मी तिथे आवक-जावक पाहायचो. संघाने कम्प्युटर घेतला आणि त्याच्यासाठी एक खोली थंड केली. आत जाताना चपला बाहेर काढायच्या. आमचे चेअरमन बाबूशेठ खातू त्या खोलीच्या दारातून मशीनला हात जोडून जात. मशीनवर बसायला दोन माणसं ठेवली, काशी आणि तिचा चुलतभाऊ रावजी. दोघंही आमच्याच वाडीतली, दोघांनी दादरला एकाच क्लासात कोर्स केलेला. मूळ घर एक, भावकीचा गणपती एक. लहानपणी झाडाखाली पडलेल्या आंब्यांवरून भांडली तेवढीच काय ती भांडणं.

प्रोग्रॅम लिहिला तो काशीने. सी नावाच्या भाषेत. कुठल्या बागायतदाराच्या किती पेट्या कुठल्या ट्रकने गेल्या आणि मुंबईच्या बाजारात त्या कुठल्या दलालाकडे उतरवायच्या, हे सगळं एका फाइलीत ओळीओळीने जायचं. ओळीच्या शेवटी दलालाचा नंबर. ती फ्लॉपी ट्रकच्या ड्रायव्हरबरोबर मुंबईच्या कचेरीत जायची आणि तिथल्या मशीनने ती वाचून दलालवार चिठ्ठ्या काढायच्या, असा बेत. सबंध पावसाळा काशी त्या खोलीत शाल पांघरून बसली होती. रावजी तेव्हा काय करत होता? दर तासाला चहा सांगत होता. चहा चांगला सांगायचा, एवढं त्याचं श्रेय मी देतो.

दिवाळीनंतर मुंबईच्या कचेरीत मशीन आलं. आमचं डॉसवर चालणारं, ते युनिक्सवर. काशी पाहायला म्हणून आठवडाभर तिकडे गेली, बरोबर फ्लॉपी नेली, आणि तिथे तिला एक खोड सापडली. डॉस प्रत्येक ओळ संपवताना दोन खुणा ठेवतं, युनिक्स एकच. म्हणजे आमची फाइल तिकडे वाचली की जास्तीची खूण ओळीतल्या शेवटच्या नंबराला चिकटून बसते. पडद्यावर ती दिसत नाही. माणसाला आमच्या फाइलीतला नंबर आणि तिथल्या दलालांच्या यादीतला नंबर सारखे दिसतात, मशीन म्हणतं हे दोन वेगळे. काशी परत आली आणि घरी बसून तिने कागदावर प्रोग्रॅम दुरुस्त केला. फाइल अशी उघडायची की मशीनने मधल्यामध्ये काहीच गिळू नये, मग अक्षर न् अक्षर स्वतः पाहायचं आणि ती आगंतुक खूण दिसली की बाजूला टाकायची. इकडेही चालेल, तिकडेही चालेल.

ती कागद घेऊन कचेरीत आली, तर कचेरीत पेढे वाटून झाले होते.

ती मुंबईत असताना रावजीने तिचा प्रोग्रॅम आपल्या फ्लॉपीवर उतरवला होता, बाबूशेठना आणि संचालकांना खोलीत बोलावून इथल्या मशीनवर चालवून दाखवला होता आणि म्हणाला होता, मी केला. बाबूशेठनी त्याला तिथल्या तिथे मुंबईच्या कचेरीचा प्रमुख नेमला, राहायला खोलीसकट. एका संचालकाने विचारलं, "आणि काशी?" तेव्हा रावजी म्हणाला, "तिने टायपिंगला मदत केली."

हे वाक्य मीच काशीला सांगितलं. तिने ते ऐकलं, हातातले कागद घडी करून पर्समध्ये ठेवले आणि बाबूशेठकडे गेली. "प्रोग्रॅम माझा आहे," म्हणाली. बाबूशेठ हसून म्हणाले, "अगो, घरातल्या घरात कसला तुझा नि माझा? नागवेकरांचाच ना तो?" काशी परत येऊन आपल्या जागेवर बसली. त्या दिवसापासून तिने टायपिंग केलं, फक्त टायपिंग. दुरुस्तीबद्दल तिला कुणी विचारलं नाही, आणि तिने कुणाला सांगितलं नाही. मी एकदा म्हटलं, सोड ना. तर म्हणाली, "माझ्या घरात चोर शिरता आणि सोडायचा मीच?"

शिमग्याला मुंबईकर गावी आले, रावजीही आला. नवी पँट, खिशाला दोन पेनं. ग्रामदेवीच्या देवळात पालखी बसली होती, सगळी वाडी जमली होती, आणि गुरव एकेकाचं गाऱ्हाणं देवीपुढे घालत होता. कुणाला मूल हवं, कुणाला नोकरी. काशी पुढे झाली. नारळ ठेवला आणि गुरवाच्या कानाशी काही बोलली. गुरव जरा घुटमळला, पण नारळ ठेवलेल्याचं गाऱ्हाणं घालायला तो नाही म्हणू शकत नाही.

"बा देवी म्हाराजा," त्याने सुरू केलं, "हा तुजा लेकरू काशी तुज्या पुढ्यात उभा हाय, म्हाराजा."

"व्हय म्हाराजा," सगळे म्हणाले.

"जेनी कोनी हिची मेहनत आपली म्हनून दुनियेला दाखवलान, तेच्याच तोंडातून खरा काय ता भायेर काढ, म्हाराजा."

"व्हय म्हाराजा."

"आनि ता निघस्तवर तेच्या हातच्या कामाला यश देव नको, म्हाराजा."

मी रावजीकडे पाहत होतो. काशीही त्याच्याकडेच पाहत होती, देवीकडे नव्हे. गाऱ्हाण्याला वाडीतला माणूस गप्प राहत नाही. गप्प राहिला असता तर शंभर माणसांनी मान वळवली असती. रावजी म्हणाला, "व्हय म्हाराजा." चांगल्या मोठ्या आवाजात म्हणाला. स्वतःवरच्या शापाला स्वतःच होकार देणारा माणूस मी तेवढा एकच पाहिला.

एप्रिलमध्ये हंगाम जोरात आला. रावजीच्या शब्दावर बाबूशेठनी त्या वर्षी हाताने चिठ्ठ्या लिहिणं बंद केलं होतं. पेटीवर फक्त बागायतदाराचा नंबर. त्याने प्रोग्रॅम मुंबईच्या मशीनवर घालून तिथेच टाइप केलेल्या चार ओळींवर चालवून पाहिला होता, आणि तो चालला होता. चालणारच. तिकडे टाइप केलेल्या ओळीला एकच खूण. मग इथून खरी फ्लॉपी गेली, आणि मशीनने एकूणएक पेट्यांपुढे छापलं, दलाल माहीत नाही.

दोन ट्रक उभे राहिले, मग पाच. मुंबईच्या बाजाराच्या आवारात पेट्यांच्या थप्प्या लागल्या. पेंढ्यात घातलेला आंबा कुणासाठी थांबत नाही, उन्हात तर नाहीच. रावजीने सगळ्या दलालांचे नंबर पुन्हा टाइप केले. इथून गेलेला नंबर आणि तिथला नंबर पडद्यावर एकाखाली एक ठेवून पाहिले. सारखेच दिसले. ट्रंक कॉलवर तो मला नंबर वाचून दाखवायचा आणि त्याचा आवाज रडवेला व्हायचा. मी म्हणायचो, बरोबर आहेत की. मग हाताने याद्या करून फोनवर सांगायचं ठरलं. पण लाइन लागायची दोन-दोन तासांनी, आणि ट्रक तर येतच होते.

शेवटी बाबूशेठ काशीच्या घरी आले. मी त्यांच्याबरोबर होतो. काशीची आई आनंदीबाई पडवीत बसली होती.

"काशी, काय झाला असेल गो?" बाबूशेठनी विचारलं.

"मला काय कळणार? मी टायपिंगला मदत केलेली," काशी म्हणाली. "टायपिंगात चूक असली तर सांगा."

बाबूशेठ खाली बघायला लागले. आनंदीबाई म्हणाली, "काशे, आपल्याबी पेट्या हायत त्यात. वर्साचा पीक हाय आपला."

"कुजूंदे."

"आणि बाकीच्यांचा?"

"बाकीचे पेढे खायला होते," काशी म्हणाली. माझ्या तोंडातला सुपारीचा तुकडा तिथेच राहिला, कारण पेढा मीही खाल्ला होता. मग ती बाबूशेठकडे वळली. "रावजीला बोलवा. कचेरीत नको, देवळात. शिमग्याला जी माणसं होती तेवढी जमवा. त्यांच्यापुढे त्यानं आपल्या तोंडानं सांगायचा प्रोग्रॅम कोणाचा. त्याच्यानंतर मी मुंबईला जाते."

बाबूशेठ म्हणाले, कचेरीत लिहून देतो, तुझी नेमणूक करतो. ती म्हणाली, लिहिलेलं कपाटात राहतं.

रावजी दुसऱ्या दिवशीच्या एसटीने आला. दाढी वाढलेली. देवळात माणसं बसलेली होती, त्यातल्या निम्म्यांच्या पेट्या मुंबईत सडत होत्या, त्यामुळे कुणी त्याला बस म्हटलं नाही. गुरवाने नारळ ठेवला. पण या वेळी बोलायचं गुरवाने नव्हतं.

"प्रोग्रॅम काशीचा हाय," रावजी म्हणाला. "मी तिच्या मागारी उतरवून घेतला, आनि माजा म्हणून सांगितला."

मग गुरवच म्हणाला, "व्हय म्हाराजा." त्याच्यामागून सगळे म्हणाले. काशीने आवाज ऐकून घेतला, पूर्ण विरेपर्यंत. मग पायात चपला घातल्या आणि संध्याकाळच्या गाडीने मुंबईला गेली. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत चिठ्ठ्या निघायला लागल्या. कुजला तो आंबा कुजला, त्यात नागवेकरांचाही होता. मुंबईची जागा काशीला मिळाली, खोलीसकट, आणि रावजी घरी परतून बापाच्या बागेत कलमांना आळी करायला लागला.

मला वाटलं, झालं, फिटलं. रावजीलाही तसंच वाटलं असावं.

त्या वर्षी गणपतीला काशी मुंबईहून आली. आमच्या वाडीत घरोघर आरत्या होतात, मीही मूळ घरी आरतीला गेलो होतो. आरती झाली, आणि प्रसादाचं ताट घेऊन रावजी निघाला. एकेकाच्या हातावर ठेवत काशीपाशी आला.

"घे काशी," तो म्हणाला. "मी सगळ्यांसमोर बोललो ना? आता तरी घे."

देवाचा प्रसाद नाकारत नाहीत. वैऱ्याच्या हातचासुद्धा नाही. आनंदीबाईने काशीचा हात धरून पुढे करायला पाहिलं. काशीने मूठ मिटली.

"बोललास तो आंबा कुजला म्हणून," ती म्हणाली. "कुजला नसता तर आज तू मुंबईत असतास, आणि मी टाइप करत."

काशी त्याला वळसा घालून आत गेली, गणपतीपुढच्या पानावरचा प्रसाद स्वतःच्या हाताने उचलला, खाल्ला, नमस्कार केला आणि मागच्या दाराने बाहेर पडली. तिच्या वाटणीचा प्रसाद हातात धरून रावजी पडवीत उभा राहिला. पुढच्या घरच्या आरतीला बोलावणं आलं, आम्ही सगळे उठलो, तरी तो तसाच उभा होता.