लफेव्र म्हणजे लोहार

माझ्या फ्रेंच साहेबाला स्वतःच्या आडनावाचं भारी कौतुक होतं. नव्वदच्या दशकाच्या मध्याला मी सिंगापुरात जहाजदुरुस्तीच्या एका कंपनीत इंजिनियर होतो आणि तो आमच्या विभागाचा प्रमुख. आडनाव लफेव्र. लिहिताना त्यात एक ब येतो, तो कुणी उच्चारायचा नसतो. नवा माणूस हटकून उच्चारायचा आणि साहेब हटकून त्याला समोर बसवून घ्यायचा. मग कॉफी यायची आणि आडनावाचा इतिहास सुरू व्हायचा.

तो इतिहास ऐकून ऐकून मला पाठ झाला होता. पूर्वी फ्रान्सच्या खेड्यांत माणसाला एकच नाव असायचं, बाप्तिस्म्याचं. एका गावात एकाच नावाचे दहाजण झाले की सारा वसूल करणाऱ्याची पंचाईत व्हायची. मग कुणाला बापाच्या नावाने, कुणाला घराजवळच्या ओढ्यावरून, कुणाला तांबड्या केसांवरून आणि कुणाला धंद्यावरून ओळखायला लागले. पुढे तीच ओळख मुलाला आणि नातवाला चिकटली. लफेव्र म्हणजे लोहार. मूळ शब्द लॅटिन, त्याचं उत्तरेकडे लफेव्र झालं आणि दक्षिणेकडे फाब्र. मधला मुका ब कारकुनांनी लॅटिनची आठवण म्हणून मागाहून घुसवला. लोहार प्रत्येक गावाला लागतोच, म्हणून तिकडे हे आडनाव पैशाला पासरी आहे. साहेबाने सुट्ट्या घालवून गावच्या चर्चमधल्या नोंदवह्या उपसल्या होत्या आणि एक लांबलचक वंशावळ बनवली होती. लोहार, त्याचा मुलगा लोहार, त्याचाही मुलगा लोहार, असं करत ती त्याच्या आजोबांपर्यंत यायची. आजोबांबरोबर भट्टी विझली. वडील शाळामास्तर झाले आणि हा इंजिनियर.

"धंदा गेला, पण नाव राहिलं," असं म्हणून तो कॉफी संपवायचा.

पहिल्याच आठवड्यात त्याने मला विचारलं, "तुझ्या आडनावाचा अर्थ काय?"

मी म्हटलं, "आमच्या गावाचं नाव आहे, त्याला शेपूट जोडलंय." इथे थांबलो असतो तरी चाललं असतं. पण मी पुढे म्हणालो, "त्या गावचे आम्ही जमीनदार." गावात आमची जमीन होती भट्टीपुरती, आणि तीही गावाने दिलेली.

कारण मीही लोहारच. आडनावानेसुद्धा लोहार, दहावीपर्यंत. आमच्या हायस्कुलात एक मास्तर होते. गणित बरोबर आलं की म्हणायचे, "भाता सोडून आलास, बरं केलंस." चुकलं की म्हणायचे, "जा, भाता ओढ." वर्ग दोन्ही वेळा तितकाच हसायचा. शेवटी दहावीच्या दाखल्यावर हे नाव नको म्हणून मी घरात दोन दिवस जेवलो नाही. आप्पा, म्हणजे माझे वडील, तिसऱ्या दिवशी पहाटेच उठले. भट्टी बंद ठेवून तालुक्याला गेले, प्रतिज्ञापत्र केलं, अर्ज दिला आणि सरकारी राजपत्रात माझं नवं आडनाव छापून आणलं. त्यांना मी म्हटलं, तुमचंही बदलून टाका. ते म्हणाले, "तुजं बदललं, झालं की. माजं बदलून गिऱ्हाइकानं मला कुटं हुडकायचं?"

त्यामुळे आमच्या घरात बापाचं आडनाव एक आणि मुलाचं दुसरं. आप्पांना सिंगापूरला आणायचं ठरलं तेव्हा व्हिसाच्या अर्जाला मला त्या राजपत्राची प्रत जोडावी लागली. हा माणूस माझा बाप आहे, याला पुरावा म्हणून मी त्याचं नाव टाकल्याचा कागद दिला. त्या वेळी याची मला लाज वाटली नाही, फक्त कटकट वाटली.

आप्पा आले ते पिशवीत धोतराच्या घडीत धार लावायचा दगड घेऊन. आम्ही बुकित बातोकला सातव्या मजल्यावर भाड्याच्या फ्लॅटमध्ये राहत होतो. दोन दिवस त्यांनी खिडकीतून समोरचे ब्लॉक मोजले, तिसऱ्या दिवशी बायकोच्या सगळ्या विळ्या-सुऱ्यांना धार लावली. चौथ्या दिवशी शेजारची चिनी आंटी तिचा मांस तोडायचा जाडजूड सुरा घेऊन दारात उभी. त्याची मूठ खिळखिळी झाली होती. दोघांना एकमेकांच्या बोलण्यातलं अक्षरही कळत नव्हतं. आप्पांनी सुरा हातात तोलला, पात्यावर नखाने टिचकी मारून कान लावला आणि मान डोलावली. तासाभरात मूठ पक्की. आंटीने संत्री आणून दिली. मग मजल्यावरच्या आणखी दोघीतिघी आल्या. म्हातारा रोज जिन्याजवळच्या मोकळ्या जागेत वर्तमानपत्र अंथरून बसायचा आणि माझी आठ वर्षांची मुलगी शाळेतून आली की त्याच्याजवळ बसून दगडावर पाणी शिंपडायची. बायको म्हणायची, किती रमलेत ते. मला मात्र रोज घरी येताना लिफ्टमधून कुणी मराठी तर उतरत नाही ना, याची धास्ती असायची. तिथल्या मराठी मंडळात मी सगळ्यांना सांगितलं होतं की आप्पा सरकारी खात्यातून निवृत्त झालेत.

अशात साहेबाने रविवारी जेवायला बोलावलं. वडील आलेत हे कळल्यावर त्यांनाही घेऊन ये, म्हणाला. बायकोला बरं नव्हतं, ती घरी राहिली; मुलीला आम्ही बरोबर घेतलं. टॅक्सीत मी आप्पांना दोनदा बजावलं, "तिथे कामाधंद्याचं काही बोलू नका."

"मला कुटं विंग्रजी येतंय," ते म्हणाले.

जेवण झालं आणि साहेबाने नेहमीप्रमाणे वंशावळ काढली. आप्पांपुढे टेबलावर पसरली. प्रत्येक नावाजवळ त्याने ऐरणीचं बारीकसं चित्र काढलं होतं. आप्पांनी ते चित्र बोटाने चाचपलं आणि माझ्याकडे पाहिलं. मी खिडकीबाहेर पाहिलं. एवढ्यात साहेबाने भिंतीवर टांगलेला आपल्या आजोबांचा हातोडा खिळ्यावरून काढला आणि दोन्ही हातांनी आप्पांच्या हातात दिला.

हातोडा आप्पांच्या हातात गेला आणि म्हाताऱ्याचा चेहराच बदलला. दांड्यावर अंगठ्याने पडलेली खोबण त्यांनी चाचपली, हातोडा उजव्या हातातून डाव्यात घेतला, पुन्हा उजव्यात घेतला. हातोड्याच्या तोंडाची झिजलेली कड उजेडात धरली आणि म्हणाले, "ह्यो म्हातारा डावखुरा हुता."

मी नकळत त्याचं इंग्रजी करून टाकलं. साहेब खुर्चीतून उठलाच. "हे घरच्यांशिवाय कुणालाही माहीत नाही! यांना कसं कळलं?"

आप्पांना प्रश्न भाषेशिवायच समजला. छाती पुढे काढून, माझ्या लग्नातसुद्धा हसले नव्हते तसे हसत ते म्हणाले, "सांग की त्येला. आमी बी लोहारच. सांग, म्हनावं, माजा बा, त्येचा बा, समदी लोहार."

सांगायला एक वाक्य पुरलं असतं. साहेबाला इतका आनंद झाला असता की त्याने म्हाताऱ्याला मिठी मारली असती. पण सोमवारी सकाळी हेच त्याने साऱ्या ऑफिसला सांगितलं असतं, आणि ऑफिसात आणखी दोन मराठी इंजिनियर होते. दोघे मंडळातले. एवढाच विचार माझ्या मनात आला.

मी इंग्रजीत म्हणालो, "ते म्हणतात, त्यांना जुन्या वस्तूंची आवड आहे. सरकारी अधिकारी होते ना, बरीच म्युझियम पाहिली आहेत."

"अच्छा," अशा अर्थाचं काहीतरी साहेब म्हणाला, सभ्यपणे हसला आणि हातोडा घेऊन पुन्हा खिळ्याला अडकवला. आप्पांचा हात जरा पुढे आला होता, तो तसाच राहिला. थोड्या वेळाने त्यांनी तो मांडीवर ठेवला. मुलगी माझ्या शेजारी बसून आइसक्रीम खात होती. तिच्याकडे माझं लक्षच नव्हतं.

येताना बस मिळाली. आप्पा खिडकीशी, मुलगी त्यांच्या शेजारी, मी मागच्या सीटवर. आप्पांनी मान मागे वळवली.

"तू सांगितलंस न्हवं त्येला?"

"सांगितलं की."

"मग त्यो गप का झाला?"

मी उत्तर जुळवत होतो, तेवढ्यात मुलगी बोलली. तिची मराठी तेव्हाच निम्मी शाळेतल्या इंग्रजीची झाली होती. "आजोबा, पप्पा म्हणाले तुम्ही ऑफिसर. गव्हर्नमेंट ऑफिसर! व्हाय यू नेव्हर टेल मी, आजोबा?"

ऑफिसर हा शब्द आप्पांना येत होता. गावात कुणी ऑफिसर आला की जीपचा मोडलेला पाटा सांधून घ्यायला भट्टीवर यायचा. त्यांनी माझ्याकडे वळून पाहिलं नाही. नातीच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, "इसरलो बग सांगायचं."

त्यांनी आरडाओरडा केला असता, तर मीही चार शब्द ऐकवले असते. शाळेतल्या त्या हसण्याचा हिशेब माझ्याकडेही होता. साहेबाचाही मला राग येत होता. त्या गोऱ्याला लोहार म्हणवून घेताना मिरवता येत होतं, कारण लोहारकी त्याच्या अंगाला कधी चिकटलीच नव्हती. त्याचे हात लोण्यासारखे होते. त्याला कुठल्या मास्तराने भाता ओढायला सांगितलं नव्हतं, पंगतीत बसवण्याआधी कुणी आडनाव विचारलं नव्हतं. हे सगळं खरं होतं आणि आजही खरं आहे. पण त्या दिवशी त्या घरात लोहार म्हणून हिणवणारं कुणीही नव्हतं. एकटा मी होतो.

दुसऱ्या दिवशी आप्पांनी दगड धोतरात गुंडाळून पिशवीत टाकला. माझा एक इस्त्रीचा शर्ट मागून घेतला, वरपर्यंत बटणं लावली आणि हॉलमध्ये खुर्चीवर बसले. मुलगी पाण्याची वाटी घेऊन आली, तर तिला म्हणाले, "ऑफिसर असली कामं करीत न्हाईत." टोमणा असता तर बरं झालं असतं. ते साधेपणाने म्हणाले, मुलीनेही साधेपणानेच ऐकलं. उरलेले तेरा दिवस ते तसेच बसून होते. मी ऑफिसला निघालो की "ये जाऊन" म्हणायचे आणि आलो की "आलास?" म्हणायचे.

जायच्या आदल्या दिवशी, शनिवारी दुपारी, दाराची बेल वाजली. चिनी आंटी होती. हातात तोच सुरा, शेजारी तिची बहीण, आणि बहिणीच्या हातात तिचा. बहीण दूरवरून, दोन बस बदलून आली होती. आंटीने आत डोकावून आप्पांकडे बोट दाखवलं आणि बहिणीला आपल्या भाषेत काहीतरी सांगितलं. अंगठा वर केला.

आप्पा उठले. एक पाऊल पुढे टाकलं, सुऱ्याकडे पाहिलं. पात्याला एक खाच पडली होती, ती मलाही दिसली. मग त्यांनी दोन्ही हात मागे घेतले आणि माझ्याकडे वळून म्हणाले, "तिला विंग्रजीत सांग, हितं लोहार राहत न्हाई."

मी सांगितलं. आयुष्यात त्यांचं बोलणं जसंच्या तसं पोचवलं ते तेवढंच.