सही मीच केली होती

आज पप्पांना जाऊन वर्ष झालं. आम्ही गोसावी, आमच्यात दहन करत नाहीत, समाधी देतात. म्हणून सकाळीच इंदिरानगरहून शेवंती घेऊन सिन्नरला गेले.

बघते तर जेसीबी उभा, आणि पणजोबांपासूनच्या सगळ्या समाध्या सपाट.

समाजाच्या कमिटीचे अध्यक्ष आमचे सख्खे काका. म्हणतात, “अगं, समाजासाठीच हॉल बांधतोय. कागदावर तुझीही सही आहे.”

सही मी कंपाउंडसाठी केली होती. समाध्या नीट राहाव्यात म्हणून!

“काका, पप्पा नेमके कुठे आहेत?”

त्यांनी हॉलचा नकाशा उघडला. “स्टेजच्या आसपास असतील.”

मागच्या वर्षी पप्पांना समाधीत बसवल्यावर पहिली मूठभर माती याच माणसाने टाकली होती. आज त्याला नकाशा लागला.

शेवंती अजून पिशवीतच आहे. तुम्हीच सांगा, कुठे वाहू?