साडभाऊंचा निळा कोट

ज्या वस्तूला लांबी, रुंदी किंवा खोली आहे, अशी एकही वस्तू आमच्या साडभाऊंनी गोंदिया जिल्ह्यात मोजल्यावाचून सोडली नव्हती. साडभाऊ म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. मी मुलगी पाहायला गेलो त्या दिवशी बाकीच्यांनी माझं गाव, शिक्षण आणि नोकरी विचारली. यांनी मला भिंतीला पाठ टेकवून उभं केलं, डोक्यावर पट्टी ठेवली, पेन्सिलीनं रेघ ओढली आणि "पाच फूट सव्वापाच इंच" असं जाहीर करून चहा प्यायला बसले. मी पाच फूट सात कळवलं होतं. लग्न झालं खरं, पण त्या पावणेदोन इंचांवरून बायको मला अजूनही गप्प करते.

त्यांची नोकरी सिंचन खात्यात, सडक अर्जुनीकडच्या एका तलावावर. रोज सकाळी पाण्याची पातळी पाहायची आणि रजिस्टरात लिहायची. नोंदीखाली दोन सह्या असत, एक मोजणाऱ्याची, एक तपासणाऱ्याची. एकदा एका साहेबांना वर कसलासा हिशेब जुळवून दाखवायचा होता, म्हणून त्यांनी पाणी चार इंच वाढवून लिहायला सांगितलं. साडभाऊ म्हणाले, "साहेब, पाणी चढू द्या जी, मी लगेच चढवून लिवतो." त्यांची बदली दरेकशाच्या डोंगरात पाऊस मोजायला झाली. ही शिक्षा आहे हे त्यांना शेवटपर्यंत कळलं नाही. तिकडे पाऊस जास्त पडतो म्हणून ते खूश होते.

निवृत्तीनंतर गोंदियाजवळ फुलचूरच्या घरी राहायला आले, पण खिशातला मोजायचा फीता काही सुटला नाही. भाजीबाजारात दुधीभोपळ्याला फीता लावला तेव्हा भाजीवाली म्हणाली, "चाचा, लौकी लेनी है कि सिलवानी है?" आमच्या स्वयंपाकघराचं दार डावीकडून अर्धा इंच खाली आहे असं त्यांनी सांगितलं, आणि तेव्हापासून मला ते दार सरळ दिसलेलं नाही. त्यांची एकुलती एक पोरगी नागपूरला नर्स आहे. ती सुट्टीवर आली की आधी चपला काढून दाराच्या चौकटीला टेकून उभी राहायची. तिची उंची वाढायची थांबून दहा वर्षं झाली असतील, पण रेघ व्हायचीच.

साऱ्या जगाला मोजणाऱ्या या माणसाला मोजायचा हक्क फक्त ताईला, म्हणजे त्यांच्या बायकोला होता. ताई घरी शिवणकाम करायची. साडभाऊंच्या अंगावर दुसऱ्या कुणाच्या हातचा कपडा मी कधी पाहिला नाही. ती फीता घेऊन आली की हे लहान मुलासारखे हात पसरून उभे राहायचे. तिनं सगळं शिवलं, फक्त कोट शिवला नव्हता. पोरीच्या लग्नात यांनी पुढच्या खोलीतल्या, हातात संविधान धरलेल्या तसबिरीत आहे तसा निळा कोट घालायचा, असं तिनं ठरवलं होतं. एक जुना कोट उसवून ती कोट शिवायला शिकली, आणि एका हिवाळ्यात यांचं माप घेऊन आपल्या शिवणाच्या वहीत लिहून ठेवलं. छाती चाळीस, कंबर अडतीस, खांदा अठरा, असं सगळं. कापड आणायचं बाकी होतं. त्याआधीच ती आजारी पडली आणि दोन महिन्यांत गेली.

त्यानंतर साडभाऊ दरवर्षी थोडे थोडे कमी होत गेले. पट्ट्याला खिळ्यानं भोकं पाडली. ताईनं शिवलेले सदरे अंगावर झुलायला लागले. माझी बायको म्हणाली, "द्या, शिलाई आत घेऊन देते." तर म्हणाले, "कपडा बरोबर हाय जी. मीच कमी होऊन राहिलो." हे ते एखाद्या नोंदीसारखं म्हणाले. मला मात्र त्या दिवशी जेवण गेलं नाही.

सहा वर्षांनी पोरीचं लग्न ठरलं आणि साडभाऊ ताईची वही घेऊन गोंदियाच्या बाजारात गेले. तीन टेलर केले. टेलर फीता घेऊन पुढे यायचा, हे वही पुढे करायचे. शेवटचा बिचारा भला माणूस होता. वही वाचून, यांच्याकडे पाहून तो हळूच म्हणाला, "चाचा, ये नाप आपका नहीं है. किसी और का होगा." साडभाऊ दुकानाची पायरी उतरले ते थेट माझ्याकडे आले.

"मास्तर, मोबाईलवर सूट शिवून भेटते म्हणतात. माप आपण लिवाचं, ते शिवून पाठवतेत. हात लावणारा कोणी नाही."

"पण एकदा नवं माप घेऊ या ना," मी म्हणालो.

"काऊन? माप तिनं घेतलं हाय. तुमी दुसरं घेतलं तर तिचं खोटं होते."

मग आम्ही बसलो. वही त्यांच्या मांडीवर, मोबाईल माझ्या हातात. ते आकडा वाचायचे, मी भरायचो, मग तोच आकडा मला मोठ्यानं वाचून दाखवायला लावायचे. रंग निळा. पैसे घरून भरतो असं सांगून मी निघालो आणि पोरीला फोन लावला. ती रडवेली झाली. "मावसाजी, चाळीसचा कोट त्यायच्या अंगावर खुंटीवर टांगल्यासारखा दिसन. लोक हासतीन जी." आणि लोकांनी त्यांना हसू नये असं आम्हा दोघांनाही फार वाटत होतं.

पुढच्या रविवारी ती आली आणि तब्येतीचा कसला तरी फॉर्म भरायचा आहे म्हणून दवाखान्यातला फीता तिनं बापाच्या छातीला लावला. हे हात पसरून उभे राहिले. "फीता ढिला धरून राहिली तू, पाठीमागून उतरला," असं तिलाच शिकवलं. किती भरलं ते मात्र त्यांनी विचारलं नाही. छाती छत्तीस भरली. त्या रात्री मी मोबाईलवर भरलेले वहीतले सगळे आकडे पुसून पोरीनं घेतलेले भरले आणि ऑर्डर दिली. आयुष्यभर पोरांच्या वह्या तपासल्या, पण इतकं चोरट्यासारखं मी कधी लिहिलं नव्हतं.

तीन आठवड्यांनी पार्सल आलं तेव्हा मी तिथंच होतो. साडभाऊ ते घेऊन आतल्या खोलीत गेले. दार नीट लागलं नव्हतं. त्यांनी कोट पलंगावर पसरला आणि खिशातून फीता काढला. छातीवर एकदा फीता धरला, परत एकदा धरला. नंतर फीता गुंडाळून खिशात ठेवला आणि कोट चढवून बाहेर आले. अगदी अंगावर बेतल्यासारखा बसला होता.

"पाहा मास्तर, तुमच्या ताईचं माप. सुताचाही फरक नाही."

मी हो म्हणालो. त्यांची नजर कमी झाली असावी, अशी मी मनाची समजूत घातली.

लग्न एप्रिलात होतं. विहाराच्या सभागृहात कूलर नुसतेच आवाज करत होते. कोट काढा म्हणून जो तो सांगत होता. "असू द्या," ते म्हणायचे, "तिनं माप घेतलं तवा हिवाळा होता." पोरगी निघताना त्यांनी तिला घरी नेऊन पुन्हा एकदा चौकटीला उभं केलं, रेघ ओढली आणि "तेवढीच हाय" म्हणाले. ती त्यांच्या कोटावर डोकं टेकून रडली. ते ताठ उभे होते.

मागल्या थंडीत साडभाऊ झोपेतच गेले. घर आवरताना पोरीनं ताईची वही आठवण म्हणून माझ्या बायकोला दिली. मी ते पान काढलं. ताईच्या तिरक्या अक्षरात चाळीस, अडतीस, अठरा तसंच होतं. त्याखाली साडभाऊंचं सरळ, रजिस्टरातलं अक्षर होतं:

"कोट मिळाला. वरील मापाप्रमाणे बरोबर."

खाली "मोजणार" लिहून त्यांची पूर्ण सही. त्याखाली "तपासणार", आणि पुढची जागा रिकामी.

चार इंच पाणी वाढवून लिहायला नको म्हणाला आणि दरेकशाला गेला, तो हा माणूस. मी खिशातलं पेन काढलं आणि त्या रिकाम्या जागी सही केली. पूर्ण सही, माझ्याच नावाची.