मल्लम्मांच्या फरशीचा सांधा

जैनोद्दीनचं जिल्दसाजीचं, म्हणजे पुस्तकं बांधायचं दुकान आणि माझं वह्या-दौतींचं दुकान, मध्ये एकच भिंत. त्यामुळं त्याच्याकडं काय शिजतंय हे मला बसल्या जागी कळायचं. पिठाची खळ असली तर त्रास नव्हता. पण सरस वितळायला ठेवला की माझी गिऱ्हाइकं नाकाला पदर लावून पुढच्या दुकानात जायची. सरस म्हणजे जनावरांची हाडं-कातडी उकळून काढलेला चीक. मी भांडायला गेलो की तो म्हणायचा, "वास तुमाला, ताकद जिल्दीला."

कारागीर हाडाचा. पण एक खोड होती. 'हे माझ्याच्यानं व्हनार न्हाय' हे वाक्य त्याच्या तोंडून धाराशिवात कुणी ऐकलं नव्हतं. निजामाच्या राज्यात कचेरीची दप्तरं तोच बांधायचा. विलीनीकरण झालं, कचेरीतली उर्दू गेली, आणि तयार बांधलेली रजिस्टरं बाहेरून यायला लागली. मग पठ्ठ्या फोटोच्या चौकटी, टांग्याची छतं, पेटीचा भाता, जे उसवेल ते चिकटवायला लागला. कुणी फुटकी कढई आणली असती तरी नाही म्हणाला नसता.

आमच्या मागच्या गल्लीत मल्लम्मा राहायच्या. लिंगायत वाण्याचं घर, नवरा वारलेला, मुलगा गुंडप्पा भुसार दुकान बघायचा. बाई कडक. गळ्यातल्या लिंगाची पूजा झाल्याशिवाय पाण्याचा थेंब घेणार नाहीत, आणि चामड्याची वहाण उंबऱ्याच्या आत येऊ देणार नाहीत. जैनोद्दीन त्यांना अव्वा, म्हणजे आई, म्हणायचा, आणि ते नुसतं तोंडदेखलं नव्हतं. अठ्ठेचाळीस साली पोलीस ॲक्शननंतर जे दिवस आले त्याबद्दल ज्यांनी ते पाहिले ते बोलत नाहीत, मीही बोलणार नाही. एवढंच सांगतो की त्या दिवसांत जैनोद्दीन, त्याची बायको ताहेराबी आणि लेकरं मल्लम्मांच्या धान्याच्या खोलीत लपलेली होती आणि दाराला बाहेरून कुलूप होतं. किल्ली मल्लम्मांच्या कमरेला. भाकरी घेऊन त्या स्वतः आत जायच्या आणि म्हणायच्या, "निवांत खावा. तुमाला चालनार न्हाय असलं कायबी या घरात शिजत न्हाय." पुढं त्यांनी ही गोष्ट कधी काढली नाही. उपकार करून विसरणारी माणसं असतात. ज्याच्यावर उपकार झाला त्याला मात्र विसरता येत नाही.

तर झालं असं. जुन्या राजवटीतला एक अधिकारी बंगला सोडून हैदराबादला गेला आणि त्याच्या सामानाचा लिलाव झाला. गुंडप्पानं त्यातलं लिनोलियम उचललं. जमिनीवर अंथरायचं ते जाड, गुळगुळीत, तेलकट कापड. तो शब्द कुणाच्या जिभेला वळेना, म्हणून सगळे त्याला रबराचं जाजम म्हणायचे, त्यात रबर नसलं तरी. आईचे गुडघे धरले होते आणि शहाबादी फरशीवर तिला बसवत नव्हतं, म्हणून पोरानं हौसेनं आणलेलं. पण माल जुना. तीन पट्टे, कडा ताठरलेल्या, वर वळलेल्या. शेजारी शेजारी अंथरले की मध्ये फट राहायची आणि म्हातारीचा अंगठा नेमका तिथंच अडकायचा.

त्यात श्रावण. मल्लम्मांच्या घरी त्यांच्या मठाचे स्वामी पादपूजेला यायचे ठरलेलं. म्हणजे स्वामी घरात बसणार, त्यांचे पाय धुणार, आणि ते पाणी तीर्थ म्हणून घरदार घेणार. स्वामींना त्या अय्या म्हणायच्या, आणि बाईंच्या आयुष्यात याच्याहून मोठा दिवस नव्हता. त्यांनी जैनोद्दीनला बोलावून घेतलं.

"हे सांधून दे," त्या म्हणाल्या. "कशानंबी सांध. निस्ता सरस नको. हाडाकातड्याचं माज्या घरात नको. हितं अय्या बसनार."

"अव्वा, ते मला सांगाया पायजे व्हय?" जैनोद्दीन म्हणाला. "खळीनं करतो. मोरचूद घालतो, मुंग्याबी लागनार न्हाईत."

खळीनं होणार नाही हे त्याला तेव्हाच कळायला हवं होतं. माझ्या मते कळलं होतं. खळीनं कागद कागदाला धरतो, तेलकट जाजम दगडाला धरत नाही. त्यानं सांध्याखाली कापडाची पट्टी खळीत भिजवून लावली, जशी पुस्तकाच्या पाठीला लावतात, आणि वर पाटे-वरवंटे ठेवले. दुसऱ्या दिवशी वजनं काढली तर कडा पुन्हा वर. खळ दमट हवेत वाळलीच नव्हती. दुसरा मार्ग होता राळेचा. जवसाच्या तेलात राळ कढवून त्यात खडूची पूड घालायची आणि ती लुकण फटीत भरायची. जाजमही तेला-राळेचंच, त्यामुळं ती त्याला धरते आणि पाणी आत जाऊ देत नाही. बंगल्यावर हैदराबादचे कारागीर तसंच करायचे, त्यानं पाहिलेलं. पण ती लुकण श्रावणात वाळायला महिना घेते, आणि स्वामी तर दारात आलेले.

आता शहाण्या माणसानं काय केलं असतं? "अव्वा, एवढ्यात जमत न्हाय," एवढं म्हटलं असतं आणि घरी आला असता. पण ज्या बाईनं आपली लेकरं वाचवली तिनं आयुष्यात एक काम सांगितलं, आणि तेही जमत नाही म्हणायचं? ते त्याच्या जिभेवर येईना. दुसऱ्या कुणाचं काम असतं तर तो खरं बोलला असता असं तो मला नंतर म्हणाला. मला तेही खरं वाटत नाही, पण असो.

त्या दिवशी भिंतीपलीकडून लवंगेच्या तेलाचा वास आला. मी म्हटलं, आज गिऱ्हाईक पळणार नाही. तो वास सरस झाकण्यासाठी होता.

सरसानं सांधा असा बसला की बोट फिरवलं तरी कळेना. मल्लम्मांनी विचारलं, "खळच हाय न्हवं?" आणि हा म्हणाला, "व्हय अव्वा, खळच."

पादपूजा थाटात झाली. स्वामींचा पाट मधल्या पट्ट्यावर होता, म्हणजे दोन्ही बाजूंना सांधे. पाय धुतले, तीर्थ घेतलं, पंगत त्याच जाजमावर बसली. त्यानंतर मल्लम्मा येईल त्या बाईला जाजम दाखवायच्या आणि सांगायच्या, "आमच्या जैनोद्दीननं केलं. निस्त्या खळीवर." गल्लीतल्या दोघीतिघी माझ्या देखत त्याच्याकडं खळीनं सांधून द्या म्हणत आल्या. त्यानं पहिल्यांदाच काम नाकारलं. मला वाटलं, याला चढली.

चढली नव्हती. त्याचं अन्नावरचं मन उडालं होतं. मागच्या गल्लीतून मशिदीला जाणारी वाट सोडून तो मोठा वळसा घ्यायला लागला. मल्लम्मांचा आवाज ऐकला की दुकानात काहीतरी शोधत बसायचा. शेवटी त्यानं ताहेराबीला सांगितलं. तिला वाटलं होतं माणसाला काही रोग झालाय. ऐकून ती एवढंच म्हणाली, "तिच्या घरात आपन पोटभर खाल्लं जी. तिनं सांगितलं आन् आपन खाल्लं. शक केला का?" आणि पोळपाटावरचं पीठ तसंच ठेवून ती उठून गेली. हे सांगताना जैनोद्दीन माझ्याकडं बघत नव्हता.

भाद्रपद सरता सरता सांधा सुटला. मल्लम्मांच्या घरी रोज ओल्या फडक्यानं पुसायची रीत, आणि सरसाला पाण्याचं वावडं. आधी कडा फुगल्या, मग फटीतून चिकट पाणी आलं, आणि लवंग उडून गेल्यावर जो खरा वास होता तो आला. मल्लम्मांनी निरोप धाडला, "खळ नासली वाटतं, येऊन बघ."

आता बघा, सुटका आयती चालून आली होती. नासलेली खळ म्हणून सगळं खरवडून काढायचं, राळेची लुकण भरायची, आता वाळायला वेळही होता. कुणाला काही कळलं नसतं. त्याच्या जागी मी असतो तर तसंच केलं असतं आणि रात्री झोपही लागली असती. तो राळ कढवून, डबा घेऊनच गेला होता. गुडघ्यावर बसला, खरवडणी काढली. मल्लम्मा समोर पाटावर बसल्या आणि म्हणाल्या, "मन लावून केलं व्हतंस. पावसाला तू काय करनार. मनाला लावून घेऊ नगंस."

त्यानं खरवडणी खाली ठेवली.

"अव्वा, ही खळ न्हाय. सरस हाय."

मल्लम्मांनी गळ्यातलं लिंग मुठीत धरलं. मग विचारलं, "अय्या बसले तवाबी?"

"व्हय."

"ठावं असून घातलास?"

"व्हय अव्वा. खळ धरंना. तुमाला न्हाय म्हनायला जीभ उचलंना."

"न्हाय म्हनला असतास तर म्या घोंगडं टाकलं असतं," मल्लम्मा म्हणाल्या. "अय्या घोंगड्यावर बसले असते."

त्यानं जाजम उचललं, फरशीवरचा सरस कण न कण खरवडला, दगड उघडा केला. मल्लम्मांनी त्याला चहा दिला, नेहमीच्याच कपात. गल्लीत त्यांनी कुणाला काही सांगितलं नाही. जाजम का काढलं विचारलं तर म्हणायच्या, पाय घसरत व्हता. मला हे सगळं कळलं ते जैनोद्दीनकडूनच. तो म्हणायचा, त्यांनी चार शिव्या दिल्या असत्या, अंगावर वहाण फेकली असती, तर बरं झालं असतं. मी म्हणायचो, अरे, मिटलं ना, चहा दिला ना? तो मान हलवायचा.

मिटलं नव्हतं हे मला पुढल्या उन्हाळ्यात कळलं. मल्लम्मा काठी टेकत त्याच्या दुकानात आल्या. घरची पोथी सुटली होती, ती बांधायची होती. शहरात दुसरे जिल्दसाज नव्हते असं नाही, पण त्या त्याच्याकडंच आल्या. जैनोद्दीनचा चेहरा असा उजळला की मीच दुकानातून उठून बघायला गेलो. त्यानं फळीवरून खळीचं भांडं काढलं.

"ऱ्हाऊ दे," मल्लम्मा म्हणाल्या, आणि पदराआडून फडक्यानं झाकलेली वाटी काढून त्याच्यापुढं ठेवली. "खळ म्या घरून आनलीया."

पातळ होती, आणि गाठी झालेल्या. त्यानं बोटांनी गाठी फोडल्या आणि पोथी बांधायला घेतली. काम होईस्तोवर मल्लम्मा समोर बसून होत्या, आणि त्यांची नजर त्याच्या हातावर होती.