सत्तर पानांचा पुडा

शाळेत नवे टॅब आले. नोंदीसाठी जुनी वही उघडली, तर विडीचं एक वाळलेलं तेंदूपान हाती आलं.

ते पान वहीत ठेवलं, तेव्हा माझी नोकरी कायम नव्हती. तपासणीचे साहेब मागे बसले होते आणि भागाकाराचा व्हिडिओ चालू असतानाच वीज गेली. माझ्या पाठाच्या टाचणात व्हिडिओपुढचं काहीच नव्हतं. मी उगाच वहीची पानं उलटू लागले.

"बाई, काऊन घाबरून राह्यल्या?" चौथीतली सुनंदा म्हणाली. "घरी आमी सत्तर पानांचे पुडे बांधतो ना! दोघींत वाटला त पस्तीस."

"पाच जणींत चौदा!" मागून कुणी ओरडलं. सगळा वर्गच भागाकार सांगू लागला. साहेब खूश झाले. मुलांना हे येतं का, हे मी कधी विचारलंच नव्हतं.

नवे टॅब वीज गेली तरी दिवसभर चालतात. आता मला त्याचीच धास्ती वाटते.