नववी खेळी

"थांबा, आधी कुणी खेळलंय का बघू."

सोंगटी उचलण्याआधी काका दोन्ही तळहात मांड्यांखाली घालून बसत आणि हे वाक्य म्हणत. सोंगटीला हात लागला की ती हलवावीच लागते, हा बुद्धिबळाचा नियम. त्यामुळे विचार संपेपर्यंत हात कैदेत. बाजारात वांगी निवडतानाही ते आधी हात मागे बांधून उभे राहत. भाजीवाली म्हणायची, "काका, वांगी हायत. चावणार न्हाईत."

पूर्णा स्टेशनच्या मालधक्क्यावर त्यांनी सगळी नोकरी कारकुनीत काढली. निवृत्त झाल्यावर एक जुना संगणक घेतला आणि त्यात जगभरच्या खेळाडूंचे लाखो डाव भरून ठेवले. कुठलीही सुरुवात पटावर मांडावी, की ती आजवर कुणी कुणी खेळली आणि पुढे काय झालं, ते पडद्यावर येई.

मी इथल्या कॉलेजच्या ग्रंथालयात काम करते. काका पहिल्यांदा माझ्याकडे आले ते पुस्तक मागायला नव्हे. "मॅडम, एकाच माणसाचं नाव तीन तऱ्हेनं लिहिलेलं असलं, तर तुमी काय करता?" त्यांच्या डेटाबेसात एकच रशियन गृहस्थ तीन जागी राहत होता. मी सूचीची आमची पद्धत सांगितली. पुढच्या रविवारपासून मी त्यांच्या घरी जायला लागले आणि त्या वयात बुद्धिबळ शिकले.

काकांना एक गोष्ट खुपायची. "सगळ्या जगाचे डाव हायत. आपल्या जिल्ह्याचा एक न्हाई." म्हणून त्यांनी परभणी, जिंतूर, पाथरीच्या स्पर्धांतले खेळाडूंनी हाताने लिहिलेले कागद गोळा केले. मी खेळी वाचून दाखवायची, ते टंकायचे. अक्षर असं, की घोडा कुठला आणि हत्ती कुठला कळू नये. नियमात न बसणारी खेळी संगणक घेत नसे. मग काका थेट खेळाडूला फोन लावत.

"बोरीचे भाऊ ना? तुमी अठराव्या खेळीला उंट कुठं ठेवला व्हता?"

"काका, मी हरभऱ्यात हाय. फवारायलोय."

"फवारा की. उंट सांगा."

आणि भाऊ पंप पाठीवर ठेवून उंटाचं घर सांगत.

काकू चहा ठेवता ठेवता ऐकत असत. एकदा म्हणाल्या, "लग्नाच्या टायमाला न्हाई बघितलं का, आधी कुणी केलंय का ते?"

"लाखो लोकांनी केल्यालं सापडलं असतं."

"आन् निकाल?"

"बहुतेक बरोबरी," काका म्हणाले आणि कप पुढे केला.

या सगळ्या खटाटोपात त्यांची स्वतःची एक इच्छा होती. जगात आधी कुणीच न खेळलेली एक तरी चांगली खेळी आपल्या नावावर असावी. पाथरीचे गुरांचे डॉक्टर त्यांच्याविरुद्ध कायम फ्रेंच बचाव नावाची सुरुवात खेळत आणि कायम जिंकत. त्या बचावावर काका अख्खा उन्हाळा बसले. शेवटी नवव्या खेळीला त्यांना एक वाट दिसली: राजाच्या बाजूचं कडेचं प्यादं, दोन घरं पुढे. संगणकात शोधलं. पडद्यावर शून्य डाव. त्यांनी मला तीनदा शोधायला लावलं.

परभणीच्या स्पर्धेत ते ती खेळी खेळले आणि डॉक्टर हरले. काकांनी डाव नोंदवला. त्या जागी आता एक डाव दिसू लागला आणि त्यावर त्यांचं नाव. महिनाभर ते येणाऱ्या प्रत्येकाला तो पडदा दाखवत होते. गॅसची टाकी घेऊन आलेल्या माणसालाही दाखवला. तो म्हणाला, "लय भारी. सही कुठं करता?"

मग जिंतूरच्या एका पंचांनी कपाट आवरताना सापडलेला जुन्या कागदांचा गठ्ठा पाठवला. मी वाचत होते. बोरीच्या भाऊंचा डाव. फ्रेंच बचाव. आठ खेळ्या ओळखीच्या. नववीला मी थांबले.

"वाचा की," काका म्हणाले.

तेच प्यादं. दोन घरं. तारीख तीन वर्षं आधीची. मी म्हटलं, "काका, अक्षर लागत नाही. हा कागद राहू द्या."

त्यांनी कागद माझ्या हातातून घेतला. या कागदावर भाऊंचं अक्षर चांगलं स्वच्छ होतं. मग काकांनी भाऊंना फोन लावला.

भाऊ पलीकडून हसत होते. "काका, ती खेळी कुठली? समोरच्याची खेळी कागदावर लिहिताना बाहीचं बटण प्याद्यात अडकलं. मी हातानं सोडवायला गेलो, तर समोरचा म्हणाला, हात लावला, हलव. हलवलं. तुमी तुमचंच नाव ठिवा."

"डेटाबेसात कारण लिहायला जागा न्हाई, भाऊ. आधी तुमी खेळलात."

त्यांनी तो डाव स्वतः टंकला. आता त्या जागी दोन डाव दिसत होते, भाऊंचा वर, त्यांचा खाली. काका मागे टेकले आणि म्हणाले, "म्हंजे खेळी चांगलीच हाय, मॅडम. बटणाला सुदा सुचली."

काका गेले त्याला आता दीड वर्ष होईल. संगणक काकूंनी माझ्याकडे दिला. रविवारी मी एकटीच कागद मोठ्याने वाचते आणि एकटीच टंकते. वेळ दुप्पट लागतो.

गेल्या महिन्यात पाथरीच्या स्पर्धेत माझ्यासमोर डॉक्टर आले. फ्रेंच बचाव. आठ खेळ्या झाल्या. मी तळहात मांड्यांखाली घातले आणि थोडा वेळ तशीच बसले. मग कडेचं प्यादं दोन घरं पुढे सरकवलं.

डॉक्टरांनी चष्मा काढून पुसला. "ही काकांची न्हवं का?" त्यांनी हळूच विचारलं.

"बोरीच्या भाऊंची," मी म्हणाले. "काका दुसरे. मी तिसरी."

डॉक्टरांनी मान हलवली, खुर्ची पुढे ओढली आणि आपले दोन्ही हात मांड्यांखाली घातले.